काचेच्या धाग्यातून उजेड

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावी एक लहानशी दुर्घटना घडली. हमरस्त्याच्या कडेने पाण्याच्या नळासाठी चर खणण्याचे काम चालू होते. खणणाऱ्या यंत्राचा दात जमिनीत गेला आणि वर आला तेव्हा त्याच्याबरोबर करंगळीएवढ्या जाडीची एक काळी केबल ओढली जाऊन तुटली. यंत्र चालविणाऱ्यास त्याचे फारसे काही वाटले नसावे; झाडाची मुळी तुटावी तशीच ती तुटली. परंतु त्याच घटकेस आमच्या शाळेच्या कार्यालयातील भिंतीवरच्या पेटीचा हिरवा दिवा विझला आणि शेजारचा तांबडा दिवा लुकलुकू लागला.

पुढचे तीन दिवस गावाने कसे काढले ते येथे सविस्तर सांगण्याचे कारण नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत त्याच आठवड्यात संपत होती, आणि आमच्या शाळेतील अकरा मुलांचे अर्ज संगणकावर अर्धवट भरून पडले होते. बँकेत पैसे काढावयास गेलेली माणसे हात हलवीत परत आली. आमच्या शेजारी एक आजी राहतात. त्यांचा मुलगा बोटीवर कामास असतो, आमच्याकडे त्यास तारवटी म्हणतात. तो दर रविवारी आईशी बोलतो. त्या रविवारी आजी हातात मोबाईल घेऊन दुपारपर्यंत पडवीत बसून होत्या. मोबाईलला तर तार नसते, मग तो का बंद पडला, असे त्यांनी आम्हांस विचारले. प्रश्न योग्य होता. मोबाईलला तार नसते हे खरे. पण ज्या मनोऱ्याशी तो बोलतो त्या मनोऱ्याला ती असते, आणि आमच्या गावचा मनोरा त्याच केबलीवर अवलंबून होता.

दुसऱ्या दिवशी नववीतील एक मुलगा ती तुटकी केबल पाहून आला व वर्गात उभा राहून म्हणाला, "सर, आत तांबे नाहीच. नुसते केसासारखे काचेचे धागे आहेत. काचेतून वीज जात नाही असे तुम्हीच शिकविलेत. मग त्यांतून जाते तरी काय?"

आम्ही कला शाखेचे पदवीधर. मराठी आणि इतिहास शिकविणे हा आमचा व्यवसाय. 'तुम्हीच' हा शब्द आमच्या वाट्यास खरे म्हणजे येतच नव्हता, कारण विज्ञान शिकवितात ते आमचे सहकारी त्या दिवशी रजेवर होते व त्यांच्या तासास आम्ही केवळ बसलो होतो. तरीही प्रश्न मनात राहिला. सहकाऱ्यांची मदत घेऊन, पुस्तके चाळून आणि मुख्य म्हणजे केबल जोडावयास आलेल्या कारागिराजवळ दिवसभर बसून जे आमच्या ध्यानी आले, ते विद्यार्थिमित्रांच्या व त्यांच्या घरच्या मंडळींच्या सेवेस सादर करीत आहोत.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते: उजेड. आमच्या घरच्या कोंकणीत 'उजवाड'. काचेच्या त्या धाग्यातून वीज वाहत नाही, ध्वनी वाहत नाही. केवळ प्रकाश जातो. परंतु या एका शब्दाने कोणाचेच समाधान होऊ नये. प्रकाश सरळ रेषेत जातो असे आपण प्राथमिक शाळेपासून घोकतो. आणि ही केबल तर रस्त्याबरोबर वळते, घाटाबरोबर चढते, खांबावरून लोंबते आणि शेवटी घराच्या कोपऱ्यात वेटोळे घालून बसते. सरळ जाणारा उजेड या वळणांतून बाहेर कसा पडत नाही?

याचे उत्तर ज्यास अनुभवावयाचे असेल त्याने देवळाच्या स्वच्छ तळीत बुडी मारून, पाण्याखालून डोळे उघडून वर पाहावे. डोक्याच्या अगदी वर एक गोल झरोका असल्याप्रमाणे आकाश व काठावरची झाडे दिसतात. परंतु त्या गोलाच्या बाहेर, जरा तिरके पाहिले की पाण्याचा पृष्ठभाग रुपेरी आरशासारखा चकाकतो, व त्यात आकाशाऐवजी तळीच्या तळाचेच प्रतिबिंब दिसते. पाण्याच्या माथ्यावर तर कोणी पारा चढविलेला नाही. मग हा आरसा आला कोठून?

प्रकाश पाण्यातून हवेत शिरताना आपली दिशा बदलतो. यालाच वक्रीभवन म्हणतात. पाणी दाट, हवा विरळ. म्हणून बाहेर पडणारा किरण पृष्ठभागाकडे अधिक कलतो. किरण जितका तिरका येईल तितका तो बाहेर पडल्यावर अधिक कलणार. असे करता करता एक मर्यादा येते, की बाहेर पडणारा किरण पृष्ठभागाला अगदी चिकटून धावू लागतो. पृष्ठभागावर काढलेल्या लंबाशी सुमारे ४९ अंशांचा कोन झाला म्हणजे पाण्याच्या बाबतीत ही मर्यादा गाठली जाते. त्याहूनही तिरक्या येणाऱ्या किरणास बाहेर पडण्यास वाटच उरत नाही. तो सगळाच्या सगळा पाण्यात परत फिरतो. शास्त्रात याला पूर्ण आंतरिक परावर्तन असे नाव आहे. नाव अवघड आहे, परंतु त्यातील 'पूर्ण' हा शब्द मात्र फार मोलाचा आहे. आपल्या घरातील आरसा कितीही चांगला असला तरी दर वेळी थोडा प्रकाश गिळतोच. शंभरातले पंचाण्णव अंश परत देणारा आरसा घेतला, तरी त्याच्यासारख्या शंभर आरशांवरून आदळत गेलेल्या किरणाचा शंभरातला एक अंशही उरत नाही. पूर्ण आंतरिक परावर्तनात मात्र असा तोटा होत नाही. लक्षावधी वेळा परतविले तरी परतविण्यापायी प्रकाश झिजत नाही.

हा प्रयोग आम्ही वर्गात करून पाहिला. प्लास्टिकची पारदर्शक बाटली घेतली, तिच्या बुडाजवळ पेन्सिलीच्या टोकाएवढे भोक पाडले, बाटलीत पाणी भरले, खिडक्या बंद केल्या आणि भोकाच्या समोरच्या बाजूने विजेरीचा झोत सोडला. भोकातून निघालेली पाण्याची धार कमान घेऊन खाली पडत होती. आणि धारेखाली एका मुलीने तळहात धरला तेव्हा तिच्या तळहातावर उजेडाचा ठिपका थरथरत होता. उजेड धारेबरोबर वळून खाली आला होता! धारेतील किरण पाण्याच्या कडेवर इतके तिरके आदळतात की त्यांना बाहेर पडता येत नाही, आणि या कडेवरून त्या कडेवर टप्पे घेत ते खाली उतरतात. (कोणी हा प्रयोग लेसरच्या दिव्याने केला तर तो अधिक उठून दिसतो, परंतु त्याचा किरण कोणाच्याही डोळ्यांवर जाऊ देऊ नये, हे बजावून सांगतो.)

हा खेळ नवा नाही. जिनिव्हा येथील दानिएल कोलादोन या अध्यापकाने १८४१ साली श्रोत्यांस पाण्याच्या धारेचे रूप नीट दिसावे म्हणून तीत प्रकाश सोडला, आणि तो धारेत कोंडून राहिलेला पाहून त्याला स्वतःलाच नवल वाटले. पुढे १८५४ साली लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी असाच प्रयोग सभेपुढे केला. शंभर वर्षे लोकांनी तो कारंजी शोभिवंत करण्यासाठी वापरला. त्यापलीकडे फारसे काही घडले नाही.

त्यानंतर या कथेत आपल्या देशातला एक माणूस येतो. नरिंदरसिंग कपानी यांचा जन्म पंजाबातील मोगा येथे १९२६ साली झाला. डेहराडून येथे शाळेत असताना त्यांच्या शिक्षकांनी सांगितले की प्रकाश केवळ सरळ रेषेतच जातो. आणि ते काही आपणांस पटले नाही, असे कपानी स्वतः सांगत असत. आम्हा शिक्षकांनी या गोष्टीवरून थोडे सावध व्हावे! लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काम करून त्यांनी हजारो काचतंतूंची एक जुडी तयार केली व तिच्या एका टोकाशी धरलेले चित्र दुसऱ्या टोकास जसेच्या तसे आणून दाखविले. हा शोधनिबंध 'नेचर' या नियतकालिकात १९५४ साली प्रसिद्ध झाला. आज ज्या शास्त्रास जग 'फायबर ऑप्टिक्स' या नावाने ओळखते, ते नाव रूढ करण्याचे श्रेय कपानींसच दिले जाते. ते डिसेंबर २०२० मध्ये निवर्तले. भारत सरकारने २०२१ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

त्याच अंकात हॉलंडच्या आब्राहाम व्हान हील यांचाही एक छोटा लेख होता, आणि त्यात जी कल्पना होती तिच्यावाचून पुढचे काही घडले नसते. नुसता काचेचा तंतू उघडा ठेवला तर त्यावर धूळ बसते, बोटांचे तेल लागते, शेजारचा तंतू त्यास चिकटतो, आणि जेथे जेथे असे होते तेथे तेथे प्रकाश पाझरून जातो. व्हान हील यांनी सुचविले की तंतूवर दुसऱ्या, किंचित विरळ अशा पारदर्शक पदार्थाचे वेष्टन असावे. म्हणजे परावर्तन आत, वेष्टनाच्या आडोशाला होईल व बाहेरच्या मळाचा त्यास स्पर्श होणार नाही. आजच्या प्रत्येक तंतूस असा एक गाभा व त्याभोवती काचेचेच आवरण असते. दोन्ही काचांतील भेद अगदी थोडा, शेकडा एकाहूनही कमी. तरी तेवढा पुरतो. गाभ्याच्या काचेत जर्मेनियमचा अंश मिसळून तो भेद साधतात. आवरणासह तंतूची जाडी एक मिलिमीटरचा आठवा भाग असते, म्हणजे आपल्या केसाहून थोडी अधिक. आणि लांबच्या मार्गावरील तंतूचा गाभा तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक असतो.

गाभा इतका बारीक कशासाठी, असे कोणी विचारील. रुंद गाभ्यात काही किरण जवळजवळ सरळ जातात, काही डावी-उजवीकडे टप्पे घेत लांबच्या वाटेने जातात. शाळा एकाच वेळी सुटली तरी थेट घरी जाणारी मुले आधी पोचतात आणि बोरांच्या झाडाखाली रेंगाळणारी मागाहून. त्याप्रमाणे एकाच क्षणी निघालेला उजेडाचा ठोका दुसऱ्या टोकास पसरट होऊन पोचतो, व पुढच्या ठोक्यात मिसळून जातो. गाभा अगदी बारीक केला की प्रकाशास जाण्याचा एकच प्रकार उरतो. तेथे टप्पे घेणाऱ्या किरणाचे आपले चित्रही अपुरे पडते. प्रकाश लहरीच्या रूपाने गाभ्याच्या आश्रयाने सरकतो असे म्हणणे अधिक खरे होय.

परंतु सर्वांत मोठी अडचण वळणांची नव्हतीच. अडचण होती ती काचेची.

खिडकीच्या काचेतून आपणांस पलीकडचे स्वच्छ दिसते, म्हणून काच पारदर्शक आहे असे आपण समजतो. तीच काच कडेने पाहावी. ती हिरवी व काळपट दिसते. काचेतील लोखंडाचा अंश प्रकाश खातो म्हणून असे होते. १९६० च्या सुमारास जे उत्तम काचतंतू मिळत, त्यांत वीस मीटर अंतर गेल्यावर शंभरातला एकच अंश प्रकाश शिल्लक राहत असे. पोटात डोकावण्यापुरते हे ठीक होते. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात बेसिल हर्शोविट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली तंतूंची लवचीक नळी वापरून जठर आतून पाहिले. तोवर असे निरीक्षण ताठर नळ्या गिळवून करीत, आणि रोग्यास ते किती दुःसह होत असेल याची कल्पनाच करावी. पण एका गावाहून दुसऱ्या गावी संदेश धाडण्यास वीस मीटरांचा काय उपयोग?

इंग्लंडमध्ये हार्लो येथील प्रयोगशाळेत चार्ल्स काव हे शांघायमध्ये जन्मलेले अभियंते काम करीत होते. त्यांनी व त्यांचे सहकारी जॉर्ज हॉकॅम यांनी १९६६ साली असे प्रतिपादन केले की दोष काचेचा नसून काचेतील मळाचा आहे. लोह, तांबे, क्रोमियम यांचे अत्यल्प अंश काढून टाकले, तर एक किलोमीटर गेल्यावरही शंभरातला एक अंश प्रकाश शिल्लक राहू शकेल; आणि एक अंश उरला तरी दूरध्वनीचे काम भागेल. विचार करून पाहावे: हातात असलेल्या वस्तूहून पन्नासपट चांगली वस्तू शक्य आहे असे कागदावर सिद्ध करणे आणि ती कोणीतरी करावी म्हणून देशोदेशींच्या काच-कारखान्यांत पटवीत फिरणे, याला निराळेच धैर्य लागते. चारच वर्षांनी, १९७० साली, अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीत रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी तसा तंतू तयार केला. काव यांना २००९ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले; पण तोवर त्यांना स्मृतिभ्रंशाच्या व्याधीने ग्रासले होते, व पारितोषिकाच्या वेळचे व्याख्यान त्यांच्या पत्नीने दिले.

हा निर्मळपणा साधला कसा, ते मोठे मनोरंजक आहे. वाळू वितळवून जी काच होते तिच्यातील मळ काढणे दुरापास्त. म्हणून वाळूचा नादच सोडला. सिलिकॉनचा एक द्रव क्षार घेऊन त्याची वाफ करतात. वाफ होताना लोह वगैरे मागे राहते. ती वाफ प्राणवायूबरोबर तापविली की अतिशुद्ध काचेची पांढरी काजळी धरते. ती थरावर थर बसवून, वितळवून काचेचा एक दांडा बनवितात. गाभा कोठे, आवरण कोठे, हे त्या दांड्यातच ठरलेले असते. मग उंच मनोऱ्यासारख्या यंत्राच्या माथ्यावर सुमारे दोन हजार अंश उष्णतेच्या भट्टीत दांड्याचे टोक मऊ करून खालून ओढतात. पाकाची तार काढतात ना, तशीच! एका दांड्यातून शेकडो किलोमीटर तंतू निघतो, आणि जाड दांड्यातील गाभा व आवरण यांचे प्रमाण त्या बारीक तंतूतही जसेच्या तसे राहते. लागलीच त्यावर प्लास्टिकचा लेप देतात, कारण उघड्या काचेवर सूक्ष्म ओरखडा पडला तरी ती तेथे मोडते.

काव यांनी एका किलोमीटरसाठी जी अपेक्षा धरली होती, ती आजचा तंतू शंभर किलोमीटरांवर पुरी करतो. निराळ्या शब्दांत सांगावयाचे तर, समुद्राची सर्वांत खोल जागा सुमारे अकरा किलोमीटर खोल आहे. तेवढ्या लांबीच्या या काचेतून तंतूस मानवणाऱ्या प्रकाशाचा निम्म्याहून अधिक भाग पार जातो. हा प्रकाश आपणांस दिसणारा नव्हे. तो तांबड्याच्या पलीकडचा, अवरक्त असतो. कारण काच त्यालाच सर्वांत कमी अडविते.

आता या उजेडात पत्र कसे लिहितात ते पाहू. तंतूच्या एका टोकाशी मिठाच्या खड्याहून लहान असा लेसर असतो. तो चमकतो व विझतो. दुसऱ्या टोकाशी प्रकाश ओळखणारा एक कण बसलेला असतो. चमकला तर १, विझला तर ०. संगणकांच्या जगात प्रत्येक अक्षरास एक क्रमांक दिलेला आहे. आपल्या 'क' चा क्रमांक २३२५. तो केवळ १ आणि ० या दोन अंकांत लिहिला म्हणजे १००१०००१०१०१ असा होतो. उजेड, अंधार, अंधार, उजेड, असे बारा ठोके गेले की 'क' गेला. प्रत्यक्षात त्याच्या मागेपुढे आणखी काही खुणांचे ठोके जोडतात. तत्त्व मात्र हेच. गाणे, छायाचित्र, आजींचे तारवटी मुलाशी होणारे बोलणे, सर्वांचे शेवटी असे आकडेच होतात. हे ठोके सेकंदाला अब्जावधी पडतात. त्याशिवाय एकाच तंतूत निरनिराळ्या लहरींचा प्रकाश एकाच वेळी सोडता येतो; इंद्रधनुष्यातील रंग जसे एकमेकांत न मिसळता शेजारी असतात तसे हे प्रवाह राहतात, व दुसऱ्या टोकास वेगळे काढले जातात. आमच्या शाळेत येणारा व शाळेतून जाणारा संदेश एकाच तंतूतून समोरासमोर जातात. त्यांची टक्कर होत नाही.

तांब्याच्या तारेत हे सामर्थ्य नाही. तीत वेगाने बदलणारा विजेचा प्रवाह थोड्याच अंतरात क्षीण होतो, शेजारच्या तारांची कुजबुज तीत शिरते, आणि वीज कडाडली की टेलिफोनचे यंत्र जळते. मृगाच्या पहिल्या पावसात टेलिफोनची तार काढून ठेवण्याची आमच्या घरची पद्धत होती. काचेच्या तंतूतून वीज शिरतच नाही.

पुष्कळांचा असा समज आहे की परदेशाशी होणारे बोलणे उपग्रहावरून होते. वर्गात विचारले तर निम्मी मुले आकाशाकडे बोट दाखवितात. वस्तुतः खंडाखंडांतील संदेशांपैकी शेकडा नव्वदाहून अधिक समुद्राच्या तळावरून, काचतंतूंतून जातात. स्थिर भासणारे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात; तेथे जाऊन परत येण्यास संदेशास जवळजवळ पाव सेकंद लागतो. काचेत प्रकाशाचा वेग थोडा मंदावतो, सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर होतो. तरीही दहा हजार किलोमीटर लांबीच्या केबलीतून संदेश सेकंदाच्या विसाव्या भागात पोचतो. अलीकडे कमी उंचीवरचे उपग्रहही या कामी येऊ लागले आहेत, पण मुख्य ओझे अजून समुद्रतळावरच आहे.

मुंबईच्या किनाऱ्यास समुद्री तार प्रथम लागली ती १८७० साली, सुएझ व एडन यांच्या मार्गे. ती तांब्याची होती. काचतंतूची पहिली केबल अटलांटिक महासागराखालून १९८८ साली टाकली गेली, व तीतून एकाच वेळी सुमारे ४०,००० संभाषणे होऊ शकत. खोल समुद्रातील केबल बागेला पाणी घालण्याच्या नळीएवढीच जाड असते. किनाऱ्याजवळ मात्र तीवर लोखंडी तारांचे चिलखत चढवितात व ती वाळूत पुरतात, कारण तिचे खरे वैरी मासे नसून मासेमारीची जाळी आणि जहाजांचे नांगर हे होत. दर साठ-सत्तर किलोमीटरांवर थकलेल्या प्रकाशास पुन्हा सतेज करणारी नळकांडी बसविलेली असतात. त्यांत अर्बियम नावाच्या धातूचा अंश असलेला तंतू असतो. त्यांस लागणारी वीज किनाऱ्यावरून त्याच केबलीतील तांब्याच्या नळीतून पुरवितात. म्हणजे तांबे अगदीच निवृत्त झालेले नाही!

जानेवारी २००८ मध्ये इजिप्तमधील अलेक्झांड्रियानजीक दोन केबली तुटल्या, तेव्हा आपल्या देशातील कार्यालयांची कामे अडली. जानेवारी २०२२ मध्ये प्रशांत महासागरातील टोंगा या बेटांजवळ ज्वालामुखीचा स्फोट होऊन त्यांची परदेशाशी जोडणारी एकुलती केबल तुटली. ती दुरुस्त होण्यास पाच आठवडे लागले. आपल्याकडे चेन्नईहून अंदमान-निकोबार बेटांपर्यंत सुमारे २,३०० किलोमीटरांची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली, व कोचीहून लक्षद्वीपपर्यंतची जानेवारी २०२४ मध्ये. त्यापूर्वी त्या बेटांवरील मुलांना एखादा धडा संगणकावर उघडण्यासाठी किती वाट पाहावी लागत असेल, याची कल्पना आम्हांस त्या तीन दिवसांत आली.

काचतंतूचे इतर उपयोग थोडक्यात सांगतो. शस्त्रक्रियेत शरीराच्या आत उजेड नेण्याचे काम अजून हेच तंतू करतात, जरी चित्र टिपण्यासाठी आता बहुधा सूक्ष्म कॅमेरा असतो. पूल, धरणे, बोगदे यांत तंतू पुरून ठेवले, तर बांधकामास पडणारा ताण त्यांतील प्रकाशाच्या बदलावरून कळतो. रेल्वेचे संदेश रुळांलगतच्या केबलीतून जातात. देवळांतून उत्सवाच्या वेळी टोकांशी लुकलुकणारी कृत्रिम फुले दिसतात, तीही याच जातीची. बहुधा प्लास्टिकच्या तंतूंची.

आता पुन्हा आमच्या रस्त्याच्या कडेला येऊ. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन तरुण मोटारसायकलीवरून आले. एक सावंतवाडीकडचा होता. त्याच्या पाठीवर एक पेटी. प्रथम तो चरापाशी गेलाच नाही. केबल कोठे तुटली हे गावात सर्वांस ठाऊक होते. परंतु ओढाताणीत ती आणखी कोठे आत तुटली आहे की काय, हे पाहणे अवश्य होते. म्हणून त्याने केंद्रात जाऊन तंतूत प्रकाशाचा एक ठोका सोडला. काचेतून जाताना प्रकाशाचा किंचित अंश सर्वत्र मागे परततो, आणि जेथे तंतू संपतो तेथे तो परतणे एकाएकी थांबते. यंत्राने वेळ मोजली: सेकंदाच्या दशलक्षांश भागांपैकी चौतीस. जाऊन येऊन एक किलोमीटरास दहा भाग लागतात. म्हणजे तुटलेली जागा ३.४ किलोमीटरांवर. विहिरीत दगड टाकून आवाजावरून खोली ताडावी, तसेच हे. केबलीची वेटोळी वजा करता तो हिशेब बरोबर चरापाशीच आला. दुसरी तूट नव्हती.

मग ताडपत्रीखाली काम सुरू झाले. मुख्याध्यापकांच्या अनुमतीने नववीचा वर्ग आम्ही छत्र्या घेऊन तेथे नेला. केबल सोलली तेव्हा आत पिवळ्या रेशमासारखे बळकट धागे निघाले, ताण सोसण्यासाठी असतात ते. आणि त्यांच्या आत रंगीत लेपाचे चोवीस तंतू: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी आणि पुढे. निळ्यास निळाच जोडावयाचा. ताणलेला भाग कापून टाकून मध्ये नवा तुकडा घालावयाचा होता. म्हणजे प्रत्येक तंतूस दोन, एकूण अठ्ठेचाळीस सांधे. त्याने तंतूवरचा लेप काढला, मद्यार्काने तो पुसला, लहानशा यंत्रात धरून टक्कन अगदी काटकोनात छेदला, आणि दोन टोके पेटीत समोरासमोर ठेवली. पेटीच्या पडद्यावर ती मोठी होऊन दिसत होती. यंत्राने ती आपोआप एका रेषेत आणली, विजेची एक सूक्ष्म ठिणगी पडली, आणि दोन काचा वितळून एक झाल्या. पडद्यावर आकडा उमटला: ०.०२. सांध्यात शेकडा अर्ध्याहून कमी प्रकाश वाया जाणार, असा त्याचा अर्थ.

ज्या मुलाने तो प्रश्न विचारला होता, तो तंतूचे टोक डोळ्याशी नेऊ लागला. "अरे, आत बघू नको," कारागीर म्हणाला, "दिसत काही नाही, पण डोळा जातो." मग काचेचे बारीक तुकडे जमविण्याची डबी त्याने दाखविली, असा तुकडा बोटात शिरला तर सापडत नाही, म्हणून प्रत्येक तुकडा तीत टाकावा लागतो. तीच गोष्ट वळणाची. घरी आलेला तंतू कपाटामागे कोंबू नये. तीन सेंटीमीटरांहून लहान त्रिज्येचे वळण दिले तर किरण पुरेसे तिरके राहत नाहीत व प्रकाश वळणावर पाझरून जातो. "निम्म्या तक्रारी कपाटामागच्या असतात, सर," असे तो म्हणाला, आणि आम्ही आमच्या घरच्या कपाटाचे स्मरण होऊन गप्प बसलो.

सकाळी दहास सुरू झालेले काम दिवेलागणीस संपले. पाऊस मधून मधून येतच होता. शेवटचा तंतू जोडून, सगळे सांधे एका काळ्या घट्ट डब्यात बंद करून, त्याने केंद्रात फोन लावण्यासाठी मोबाईल काढला आणि हसला. तो लागला होता. आम्ही कार्यालयात आलो तेव्हा पेटीवरचा हिरवा दिवा लागलेला होता. लिपिकांनी रात्री नऊपर्यंत बसून अकराही अर्ज पाठविले. आजींना मुलाचा फोन दुसऱ्या दिवशी आला, सोमवार नसूनही नव्हे, रविवार नसूनही. बोटीवरून त्याने तीन दिवस सतत प्रयत्न केला होता.